खरेपणासाठी सव्वा शेर साखर

गुरुदत्त मास्तर रविवारी सकाळी केळुसकरांच्या दारात आले, तेव्हा त्यांनी वहाणा नेहमीपेक्षा हळू काढल्या, टोपी हातात घेतली आणि गॅलरीतल्या बाकावर टेकले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ सुपात वाल सोलत बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून सुस्कारा सोडला. म्हातारे सभ्य होते. त्यांनीही एक सुस्कारा सोडला.

"फार वाईट झालं," मास्तर म्हणाले.

"कोणाचं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"शकूच्या आजोबांचं. गुरुवारी गेले. वाल सोलता सोलता कलंडले म्हणे."

"अरेरे," म्हातारे कळवळले. "वय काय होतं हो?" आणि मग हातातला वाल तसाच धरून ते विचारात पडले, कारण शकूचे टिटवाळ्याचे आजोबा ते स्वतःच होते.

चहा घेऊन बाहेर येणाऱ्या परशुरामपंत केळुसकरांच्या कानावर हे सगळं पडलं. शकू ही त्यांची एकुलती एक मुलगी, वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. गुरुवारी वर्गात तोंडी हिशेबांची परीक्षा होती. ती चुकवायला एखाद्या साध्यासुध्या मुलीने पोट दुखवलं असतं. शकूने आजोबा मारले. नुसते मारून ती थांबली नाही. तिने त्यांच्या तोंडी शेवटचे शब्द घातले, "पोरांना रडवू नका, घटकाभर खेळू द्या" असे; टिटवाळ्याहून निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या एका पायात वहाणच नव्हती हेही सांगितलं, आणि ते ऐकून अख्खा वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. मास्तर तिला घरापर्यंत सोडायला निघाले होते, पण "आईला आत्ता बघवणार नाही तुमच्याने" असं म्हणून तिने त्यांना परत पाठवलं.

"माझ्याच वडिलांना का म्हणून?" शकूच्या आईने, गोदाबाईंनी, आतून विचारलं. त्यावर शकूने दिलेलं उत्तर खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. बाबांचे बाबा आधीच वारलेत आणि ते मास्तरांना ठाऊक आहे, असं ती म्हणाली.

मास्तर जाताना दोनच गोष्टी सांगून गेले. एक, प्रकरण हेडमास्तरांच्या कानावर गेलेलं आहे आणि आणखी एक थाप सापडली तर शाळेतून नाव काढण्यात येईल. दुसरी गोष्ट, तुमच्यासारख्या माणसाला पोटच्या पोरीला खरं बोलायला शिकवणं जड जाऊ नये.

ही दुसरी गोष्ट परशुरामपंतांना मनापासून पटली. आपण आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही, हे ते स्वतः सांगत, आणि सांगायची संधी सहसा वाया घालवत नसत. या खरेपणापायी त्यांनी सोसलंही होतं. ठाण्याच्या कचेरीत एकदा साहेबांनी नवा कोट घालून "कसा काय दिसतो, केळुसकर?" असं विचारलं, आणि केळुसकरांनी सांगितलं. तेव्हापासून ते जुन्या दप्तरांच्या खोलीत बसत. त्या खोलीला खिडकी नव्हती, पण त्याबद्दलही त्यांनी कधी "ठीक आहे" असं म्हटलं नाही.

त्यांनी शकूला समोर बसवलं आणि ही सगळी हकीकत पुन्हा एकदा सांगितली. शकूने ती लक्षपूर्वक ऐकली.

"कधीच नाही, बाबा? एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही."

शकू थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात एक आदर होता, एका कसबी माणसाला दुसऱ्या कसबी माणसाबद्दल वाटतो तसला. परशुरामपंतांना साहेबाने कधी मान दिला नव्हता, बायकोने दिला तर तो दिवाळीपुरता. पण पोरीचं हे बघणं त्यांच्या काळजात उतरलं. ते बघणं जाऊ नये, एवढंच त्यांना त्या क्षणी वाटलं.

आता मुलीला खरं बोलायला शिकवायचं म्हणजे चाळीला विचारणं आलं. डोंबिवलीत स्टेशनपासून कोपरच्या अंगाला जाताना धाकूशेठची आठ खोल्यांची चाळ होती. धाकूशेठचा बाप मिठागरात राबला होता, भातशेतीही होती, आणि त्याच जमिनीच्या कडेला मुलाने चाळ बांधली होती. भाडेकरूंच्या अडचणीत लक्ष घालणं हा धाकूशेठचा आवडता उद्योग. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पोरगी गोष्टी सांगतं, सांगू दे न तिला. मोठी जाली का आपशी गप होल." हा सल्ला फुकट आणि सोपा होता, त्यामुळे तो कोणालाच पसंत पडला नाही.

शेजारच्या रंगूबाईंनी आधी मिरच्यांची धुरी सुचवली. त्या विधवा होत्या, चार मुलं वाढवली होती आणि चौघंही त्यांच्यापासून लांब राहत. धुरीला गोदाबाईंनी साफ नकार दिल्यावर रंगूबाईंनी आवाज खाली आणला आणि सत्यनारायण घाला म्हणून सांगितलं. नावातच सत्य. पोरीला चौरंगाजवळ बसवायचं, पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायची, मध्ये उठू द्यायचं नाही. त्यांच्या माहेरी एक चुलता याच उपायाने इतका खरं बोलायला लागला की शेवटी त्याच्याकडे कोणी जाईना.

परशुरामपंतांना कल्पना आवडली. गोपीनाथ भटजींना विचारलं. ते म्हणाले, रविवार मोकळा आहे, प्रसादाला सव्वा शेर रवा, सव्वा शेर तूप, सव्वा शेर साखर. इथपर्यंत कोणालाही वाटेल की आता पुढे काय व्हायचंय. पण ते साल होतं एकोणीसशे पन्नास. साखर रेशनवर होती, आणि तिघांच्या घराला महिन्याला जी मिळायची ती चहालाच पुरत नसे. गोदाबाई म्हणाल्या, गुळाचा करू. भटजींनी मान हलवली. गुळाचा शिरा शास्त्राला चालतो का, असं परशुरामपंतांनी विचारलं. भटजी म्हणाले, "शास्त्राला चालेल. मला चालत नाही."

काळ्या बाजारात साखर होती, आणि ती कुठे मिळते हे चाळीतल्या सातही बिऱ्हाडांनी परशुरामपंतांना आपण होऊन सांगितलं. परशुरामपंतांनी हात वर केले. सत्यनारायणाला काळ्या बाजाराची साखर? मग पोरीला काय सांगायचं? ते सरळ मार्गाने जाणार होते. समारंभासाठी जादा साखरेचं परमिट मिळत असे, त्याचा अर्ज कल्याणच्या रेशनच्या कचेरीत करायचा होता. आता डोंबिवली मध्ये, ठाणं एका बाजूला आणि कल्याण बरोबर उलट्या बाजूला. म्हणजे सत्याच्या दर फेरीला अर्ध्या दिवसाची रजा.

पहिल्या फेरीत खिडकीपलीकडच्या कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात कारणं तीनच होती: लग्न, मुंज आणि उत्तरकार्य. सत्यनारायण नव्हता. पूर्वी होता, पण मग सगळ्या जिल्ह्यालाच भक्तीची लाट आली, म्हणून काढून टाकला, असं कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. घरात नुकतं कोणी वारलंय का, अशी त्याने आपुलकीने चौकशी केली.

"परवाच एक वारले होते," परशुरामपंत म्हणाले, "पण ते खोटं निघालं."

कारकुनाने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या फेरीला त्यांनी गोपीनाथ भटजींचं पत्र नेलं. पूजा खरोखर आहे, मुलीच्या सुधारणेसाठी आहे आणि शिरा अन्य कशाचा होणार नाही, असं त्यात बाळबोध अक्षरात लिहिलं होतं. भटजींच्या पत्राला शिक्का लागतो असं कळलं. भटजींकडे शिक्का नव्हता. त्यांनी कपाळावरचं गंध लावून बघितलं, ते चाललं नाही.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी चाळीतला महिपत भेटायला आला. तो त्याच कचेरीत शिपाई होता आणि इतके दिवस गप्प राहिला होता, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. महिपत म्हणाला, पंत, सगळं जग लग्न लिहितं. कोण बघायला येतंय? परशुरामपंत ताडकन म्हणाले की आपण खोटं लिहिणार नाही. महिपत म्हणाला, लिहू नका, कारकून लिहील, तुम्ही फक्त सही करा. परशुरामपंतांना त्या रात्री या दोन गोष्टींमधला फरक आधी मुळीच दिसला नाही, मग थोडासा दिसला, आणि सकाळच्या चहापर्यंत चांगला स्पष्ट दिसायला लागला.

कारकुनाने कारणापुढे "लग्न" लिहिलं. मग वधूचं नाव विचारलं. इथे परशुरामपंतांच्या सत्यनिष्ठेने जोर धरला. कारण खोटं झालंच आहे, ते आपल्या हातचं नाही. पण निदान बाकीच्या अर्जात एक अक्षर खोटं येता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. वधू? घरात मुलगी एकच. कुमारी शकुंतला परशुराम केळुसकर. वय? त्यांनी खरं वय सांगितलं. नऊ. कारकून मागच्या माणसाशी बोलत होता, त्याने नऊ लिहिलं. परशुरामपंतांनी सही केली आणि एकंदरीत आपण प्रामाणिकपणेच वागलो अशा समजुतीने ते परतले.

परमिट मिळालं, पण लग्नाचं. सव्वा शेर हवी होती, मिळाली पाच शेर.

आता पाच शेर साखर आल्याची बातमी लपेल अशी चाळ जगात नाही. संध्याकाळपर्यंत सहा वाट्या दाराशी आल्या. परशुरामपंतांनी एकेकीला परत पाठवलं. पूजेच्या नावाने आणलेली साखर पूजेलाच लागेल, असं त्यांनी ठासून सांगितलं. मग पाच शेरांचा शिरा करणं आलं. पाच शेरांच्या शिऱ्याला खाणारी माणसं हवीत, म्हणून सगळी चाळ आणि मागची आळी बोलावणं आलं. एवढी माणसं खोलीत मावेनात, तेव्हा धाकूशेठनी अंगणात मांडव घातला. मांडव घातला म्हणून केळीचे खांब आणि आंब्याचे टाळे आणले. त्यांचा एक मेहुणा सनई वाजवायचा, त्यालाही बोलावलं. गोदाबाईंनी आपलं जुनं जरीकाठी लुगडं फाडून शकूला परकर-पोलकं शिवलं आणि केसांत गजरा माळला. रविवारी सकाळी परशुरामपंतांनी सोवळं नेसून मांडवाकडे बघितलं आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. का ते त्यांना कळलं नाही.

ते कळलं साडेदहा वाजता. पोथीचा दुसरा अध्याय सुरू होता, शकू चौरंगाजवळ न हलता बसली होती, आणि मांडवाच्या तोंडाशी रेशनचे इन्स्पेक्टर उभे राहिले. बरोबर एक पोलीस शिपाई होता. सनई आपोआप थांबली.

इन्स्पेक्टरांनी केळीचे खांब बघितले, भटजी बघितले, जरीच्या परकरातली मुलगी बघितली. मग खिशातून अर्ज काढून त्यांनी तो सावकाश वाचला. "वधू कुमारी शकुंतला. वय वर्षे नऊ." त्यांनी अर्ज खाली केला. "केळुसकर, बालविवाहाचा कायदा ऐकलाय का तुम्ही? बापाला तुरुंग आहे."

परशुरामपंतांनी मनाशी हिशेब केला. लग्न आहे म्हणावं तर तुरुंग. लग्न नाही म्हणावं तर साखर खोट्या अर्जावर उचलली, म्हणजे खटला, आणि सरकारी नोकराने उचलली, म्हणजे नोकरीही गेली. अर्जात एकच गोष्ट खोटी ठेवायची त्यांनी इतकी खबरदारी घेतली होती, आणि आता खऱ्या गोष्टीच त्यांच्या गळ्याशी आल्या होत्या.

"लग्न कुठलं हो, पूजा आहे," रंगूबाई मदतीला धावल्या.

"मग साखर कशी मिळाली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मग लग्न आहे," रंगूबाई म्हणाल्या आणि गर्दीत मागे सरकल्या.

तेवढ्यात शकू उठली. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, इन्स्पेक्टरांच्या हातातल्या कागदाकडे एकदा, आणि परकर सावरत पुढे आली.

"लग्नच आहे," ती म्हणाली. "पण माझं नाही. माझ्या बाहुलीचं."

इन्स्पेक्टरांनी अर्ज पुन्हा वर धरला.

"बाहुलीचं नावही शकुंतला?"

"माझंच ठेवलं. तेव्हा मला दुसरं कुठलं नाव येत नव्हतं."

"आणि वय नऊ?"

"माझ्या बारशाला आली ना. या आजोबांनी आणली, टिटवाळ्याहून. नवऱ्याकडचे हेच आहेत."

आजोबांनी हात जोडून इन्स्पेक्टरांना नमस्कार केला. पंधरा दिवसांपूर्वी ते मेले होते. त्यामानाने वरपक्ष होणं त्यांना काहीच अवघड वाटलं नाही. आणि मग सगळी चाळच शकूच्या मागे उभी राहिली. केळवणाला काय काय केलं ते रंगूबाई सांगू लागल्या. धाकूशेठ म्हणाले, "बाहुली असली तरी मांडव घालाय लागतोच न साहेब, चाळीची इज्जत हाय." महिपत तेवढा मांडवाच्या खांबाआड दिसेनासा झाला होता.

इन्स्पेक्टरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. वधू हाडामांसाची असावी असं अर्जात कुठे लिहिलेलं नाही, हे त्यांनी कागद उलटासुलटा करून तपासलं. मग ते परशुरामपंतांकडे वळले.

"तुम्ही खरं बोलणारे म्हणून इथे प्रसिद्ध आहात, असं वाटेत दोघांनी सांगितलं मला. एकदाच विचारतो. मुलगी म्हणते ते खरं आहे?"

शकू बाबांकडे बघत होती. परशुरामपंतांच्या मनात आलं की आता खरं सांगून टाकावं. ते शब्द अगदी जिभेवर आले. मग त्यांना पोलीस शिपाई दिसला, त्याच्या मागे गोदाबाई दिसल्या.

"होय," ते म्हणाले. "खरं आहे."

शकूचा चेहरा उतरला. तिने त्यांना वाचवायला सगळी कला पणाला लावली होती, पण बाबा ती मोडून काढतील आणि खरं सांगतील, असंच तिला आतून वाटत होतं. आता तिने त्यांच्याकडे बघितलं ते एखाद्या नवशिक्याकडे बघावं तसं. परशुरामपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग लागू द्या लग्न," इन्स्पेक्टर खुर्चीवर बसत म्हणाले. "मी बघूनच जातो."

आतून शकूची चिंध्यांची बाहुली आली. नवरदेव नव्हता. गोदाबाईंनी खलातला बत्ता आणला, त्याला रुमालाचं उपरणं गुंडाळलं आणि डोक्याला एका टाळ्याचं पान बांधलं. गोपीनाथ भटजींनी बत्त्यासमोर मंगलाष्टकं म्हणायला नकार दिला. आपण सत्यनारायणाला आलो आहोत, लग्नाची दक्षिणा वेगळी असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा ते एका दमात आठही म्हणाले. सनई वाजली. पोलीस शिपायाने अक्षता टाकल्या आणि सगळ्यांत आधी शिऱ्याला हात लावला. चौरंगावरचा देव हे सगळं बघत होता, पण तो काही बोलला नाही.

संध्याकाळी मांडव सुटल्यावर परशुरामपंत पितळी पातेली घासणाऱ्या गोदाबाईंजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी दुपारभर विचार केला होता. अर्जात लग्न लिहिलं, आणि लग्न खरोखर लागलं. वधूचं नाव शकुंतला लिहिलं, आणि ते आता खरोखर बाहुलीचं नाव आहे. म्हणजे नीट बघितलं तर अर्ज मागाहून खरा झाला, आणि आपण जे "होय" म्हणालो ते थोडं वेळेच्या आधी म्हणालो, एवढाच काय तो दोष. गोदाबाईंनी पातेलं उपडं घातलं आणि म्हणाल्या, "हे मला नका सांगू. तिला सांगा." शकू गॅलरीत एकटीच बसली होती. परशुरामपंत तिला सांगायला गेले नाहीत.

सोमवारी ते ठाण्याहून परतले तेव्हा शकू दप्तरासकट दारातच उभी होती. तिने एक चिठ्ठी पुढे केली. अक्षर गुरुदत्त मास्तरांचं होतं.

"आज गृहपाठ का केला नाही असं विचारता आपली कन्या सांगते, की तिला खरं बोलायला शिकवण्यासाठी आपण पूजा योजली, पूजेच्या साखरेसाठी तिचं लग्न असल्याचा खोटा अर्ज केला, आपल्याला अटक होऊ नये म्हणून तिच्या बाहुलीचा विवाह एका बत्त्याशी पोलिसांच्या उपस्थितीत लावण्यात आला, आणि आपण इन्स्पेक्टरांसमोर असत्य बोललात. आजवरच्या थापांत ही सर्वांत निर्लज्ज आहे. हा मजकूर खोटा असल्याचं आपल्या सहीने लिहून द्यावं, म्हणजे नाव काढण्याची कारवाई करता येईल. आपल्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे."

परशुरामपंतांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि ते बाकावर बसले. खोटं आहे असं लिहावं, तर पोरीची शाळा गेली, आणि तीही नेमकी पहिल्यांदा खरं बोलल्याबद्दल. खरं आहे असं लिहावं, तर स्वतःच्या सहीने कबुली झाली. ती मास्तरांकडून हेडमास्तरांकडे जाणार, तिथून कल्याणला जायला कितीसा वेळ लागतो? अंशतः खरं आहे असं काही लिहिता येईल का, याचाही त्यांनी विचार केला. बत्त्याबद्दल हात वर करता आले असते.

शकू बाजूला येऊन बसली. "बाबा, खोटंच आहे असं लिहा," ती हळूच म्हणाली. "तुमची नोकरी जाईल. हेडमास्तरांना मी काहीतरी सांगेन. मला सुचेल."

ही एवढीशी पोर आपल्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलायला तयार आहे, आणि आपण बत्त्याचा विचार करतो आहोत, याची परशुरामपंतांना लाज वाटली.

"तू मास्तरांना खरं का सांगितलंस, शकू?"

शकूने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मी खोटंच सांगणार होते," ती म्हणाली. "पण घडलं त्याच्यापेक्षा चांगलं मला काही सुचेना."

परशुरामपंत हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा ते उठून आत गेले आणि दौत-टाक घेऊन आले. मास्तरांच्या सहीखाली त्यांनी लिहिलं: "मुलगी सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. अर्जावर सही मी केली. इन्स्पेक्टरांपुढे खोटं मी बोललो, ती तिथेही मला वाचवायलाच बोलली. तिचं नाव काढू नये." खाली पूर्ण नाव घातलं, तारीख घातली. अक्षर चांगलं आलं.

शकूने चिठ्ठी वाचली, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, आणि मग मान हलवली.

"मास्तर नाही विश्वास ठेवायचे."

"का म्हणून?"

"तुम्ही खोटं बोललात, हे त्यांना खरंच वाटणार नाही. मला वाचवायला लिहिलंय म्हणतील."

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. या धंद्यातलं तिला जास्त कळत होतं. परशुरामपंतांनी टोपी घातली, पुन्हा वहाणा चढवल्या, आणि आपण खोटं बोललो आहोत हे मास्तरांना काहीही करून पटवून द्यायचं, असा निश्चय करून ते निघाले. शकूने त्यांचा हात धरला होता. ती साक्षीदार म्हणून येत होती.